लंडन ते कळंब : बारावीच्या परीक्षेचा मागोवा

फेब्रुवारी महिना लागला की धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबमध्ये बारावीच्या परीक्षेची तयारी दिसू लागते. आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने, जीपने, मोटारसायकलच्या मागे बसून मुले-मुली केंद्रावर येतात. फलकावर बैठक क्रमांक शोधतात, दालन शोधतात आणि हॉल तिकीट पुन्हा एकदा चाचपून पाहतात. त्या तिकिटावर राज्य मंडळाचे नाव असते आणि विभाग म्हणून लातूरचे. परीक्षेचे नाव उच्च माध्यमिक प्रमाणपत्र परीक्षा. मांजराकाठच्या या गावाला आता ही परीक्षा घरची वाटते. पण तिची वंशावळ पाहू लागलो की आपण लातूरहून पुण्याला, पुण्याहून मुंबईला, मुंबईहून थेट लंडनला पोहोचतो. वाटेत हैदराबादचा एक मोठा मुक्कामही करावा लागतो. या सगळ्या प्रवासात दोन गोष्टी मला सतत दिसत आल्या. परीक्षेचा कागद दर पिढीगणिक कळंबच्या जवळ येत गेला, आणि त्या कागदाचे मोल ठरवणारा हात मात्र अलीकडच्या काळात पुन्हा दूर गेला. हे कसे घडले ते पाहण्यासाठी आपण सुमारे एकशे नव्वद वर्षे मागे जाऊ.

१८३६ साली लंडन विद्यापीठाला सनद मिळाली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या तुलनेत ही संस्था अगदी वेगळी होती. ती स्वतः शिकवत नसे, दुसऱ्यांनी शिकवलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेई आणि पदवी देई. १८५८ मध्ये तर तिने आणखी एक पाऊल टाकले आणि बहुतेक परीक्षा कोणत्याही महाविद्यालयात न शिकलेल्यांनाही खुल्या केल्या. शिकवणारा एक आणि पारखणारा दुसरा, ही विभागणी आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिचीही कधीतरी कुणीतरी सुरुवात केली असेल हे ध्यानातच येत नाही. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्याने हिंदुस्थानातील विद्यापीठांसाठी हाच लंडनचा नमुना सुचवला. १८५७ हे तर उठावाचे वर्ष. त्याच वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठे स्थापन झाली. मुंबईची तारीख १८ जुलै. ही विद्यापीठे सुरुवातीला मुख्यतः परीक्षा घेणाऱ्या कचेऱ्याच होत्या.

मुंबई विद्यापीठाने पहिली मॅट्रिक, म्हणजे प्रवेश परीक्षा, १८५९ साली घेतली. शंभराहून अधिक मुले बसली आणि जेमतेम विसेक उत्तीर्ण झाली. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. १८६२ साली पहिले चार बी.ए. बाहेर पडले : रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पहिले पदवीधर म्हणून ही चार नावे आपल्याकडे वारंवार घेतली जातात. आपल्या विषयाचा पूर्वज मात्र मॅट्रिक आणि बी.ए. यांच्या मध्ये दडलेला आहे. मॅट्रिक झाल्यावर लगेच पदवीच्या अभ्यासाला हात घालणे बहुतेकांना झेपत नसे, म्हणून मध्ये एक पायरी ठेवली गेली. तिचे नाव आणि रूप वारंवार बदलले. आधी फर्स्ट एक्झामिनेशन इन आर्ट्स, मग प्रीव्हियस, मग इंटरमीजिएट. जुन्या चरित्रांत ‘प्रीव्हियसला नापास झाले’ किंवा ‘इंटर करून शिक्षण सोडले’ अशी वाक्ये भेटतात. ही मधली पायरी म्हणजेच आजच्या बारावीची पणजी. तेव्हा ती महाविद्यालयाच्या ताब्यात होती, शाळेशी तिचा काही संबंध नव्हता.

या परीक्षांच्या दाराशी उभे राहून एका माणसाने फार महत्त्वाची गोष्ट मागितली, तिची नोंद इथे घेतलीच पाहिजे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. त्यातील प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात ते विद्यापीठाच्या परीक्षांविषयीही बोलतात. खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांना प्रवेश परीक्षेला बसू दिले जाते याचे ते स्वागत करतात आणि ही सवलत वरच्या परीक्षांनाही द्यावी अशी अपेक्षा व्यक्त करतात. ज्याला महाविद्यालयात जाण्याइतका पैसा नाही, पण घरी दिव्याखाली बसून अभ्यास करण्याची जिद्द आहे, त्याच्यासाठी दार उघडे राहावे, हा त्या मागणीचा गाभा. आज मराठवाड्यात ‘१७ नंबर फॉर्म’ भरून बारावीला बसणारा प्रत्येक बहिःस्थ विद्यार्थी या मागणीचा वारस आहे. मला तर या साऱ्या इतिहासातील सर्वांत माणुसकीचा धागा हाच वाटतो.

मधली पायरी महाविद्यालयाची की शाळेची, हा प्रश्न पहिल्यांदा ठामपणे विचारला तो १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाने. मायकेल सॅडलर त्याचे अध्यक्ष होते. आयोगाचे म्हणणे असे, की शाळा आणि विद्यापीठ यांच्यातील खरी सीमारेषा मॅट्रिकला नसून इंटरला आहे. इंटरचे वर्ग विद्यापीठापासून वेगळे काढावेत, त्यांच्यासाठी स्वतंत्र इंटरमीजिएट कॉलेजे असावीत, त्यांचा कारभार माध्यमिक व इंटरमीजिएट शिक्षणाच्या मंडळाकडे द्यावा आणि त्यानंतरची पदवी तीन वर्षांची करावी. हे वाचताना आपण चकित होतो, कारण ही जवळजवळ आजचीच रचना आहे. महाराष्ट्रात ती प्रत्यक्षात यायला आणखी सहा दशके जावी लागली. योगायोग असा, की इंग्लंडमध्ये शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठीची वेगळी परीक्षा १९१८ च्या सुमारासच रूढ झाली आणि १९५१ मध्ये तिची जागा तीन-चार विषयांच्या ए लेव्हलने घेतली. आपण मात्र भाषांसह सहा विषयांची रुंद परीक्षाच कायम ठेवली.

आतापर्यंत आपण मुंबई इलाख्यात वावरत होतो. कळंब त्या इलाख्यात नव्हतेच. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि इथल्या मुलाचा शिक्षणाचा रस्ता पूर्वेला, तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या राजधानीकडे जात होता. १९१७ च्या फर्मानाने सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने उस्मानिया विद्यापीठाचा पाया घातला आणि १९१९ मध्ये इंटरचे वर्ग सुरू झाले. वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. इंग्रजी ही सक्तीची भाषा होती, पण गणित, विज्ञान, इतिहास सारे उर्दूत. त्यासाठी भाषांतराचे मोठे खाते उभारले गेले आणि शेकडो पाठ्यपुस्तके तयार झाली. सगळा हिंदुस्थान इंग्रजीत पदव्या घेत असताना एका देशी भाषेत विद्यापीठ चालवण्याचा हा प्रयोग खरोखर धाडसाचा होता, आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तरीही धाराशिव, बीड, परभणी, नांदेडकडच्या ज्या घरांत मराठी बोलली जाई, तिथल्या मुलाला घरची भाषा एक आणि परीक्षेची भाषा दुसरी, हा भार होताच. तिकडे मुंबई विद्यापीठात मराठीला वरच्या वर्गांत जागा मिळावी म्हणून रानडे आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडले होते. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना मराठी मुलगा परक्या भाषेतच उत्तरपत्रिका लिहीत होता.

मराठवाड्यात इंटरची सोय झाली ती औरंगाबादला. १९२३ साली तिथे उस्मानियाचे इंटरमीजिएट कॉलेज निघाले. आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. उर्दूचे थोर कोशकार मौलवी अब्दुल हक तिथे प्राचार्य होते. कळंबच्या मुलासाठी तेव्हा इंटर म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास, वसतिगृहातले दोन वर्षांचे वास्तव्य आणि त्याचा खर्च. शेतीवर चालणाऱ्या किती घरांना हे परवडले असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

याच कॉलेजच्या वसतिगृहातून १९३८ च्या नोव्हेंबरात ‘वंदे मातरम्’ चळवळीची ठिणगी पडली. प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास विद्यार्थ्यांना बंदी झाली, त्यांनी ती मानली नाही आणि त्यांना काढून टाकण्यात आले. हे लोण हैदराबाद, गुलबर्गा, वरंगळ असे पसरले आणि शेकडो विद्यार्थी कॉलेजाबाहेर पडले. संस्थानात त्यांचे शिक्षण तिथेच संपले असते, पण नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. वरंगळहून काढलेल्या विद्यार्थ्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. त्यांनी नागपूरला इंटर पुरे केले आणि मग पुण्याच्या फर्ग्युसनमधून पदवी घेतली. परीक्षेच्या इतिहासात हा प्रसंग सहसा कुणी लिहीत नाही. मला तो वळणाचा वाटतो. एका सत्तेने दार लावले तर दुसरे विद्यापीठ ते उघडू शकते, आणि एका ठिकाणचा अर्धा अभ्यास दुसरीकडे ग्राह्य धरता येतो, हे त्या मुलांनी भोगून सिद्ध केले.

कळंबला लागून दुसरेही एक दार होते आणि ते पश्चिमेला होते. येरमाळ्यावरून मावळतीला निघाले की बार्शी लागते, आणि बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरपर्यंत पोहोचली आणि दोन राज्यांमधले हे अंतर आणखी कमी झाले. १९३४ साली कर्मवीर जगदाळे मामांनी बार्शीत शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ स्थापन केले. शेतकऱ्यांच्या मुलांना शाळा आणि वसतिगृह मिळाले, तेही मराठीत आणि हाकेच्या अंतरावर. संस्थानाच्या आतही काही माणसे मराठी शाळा चालवण्याची धडपड करत होती. लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली होती. व्यंकटेश खेडगीकर तिथे शिक्षक म्हणून आले, १९३२ मध्ये संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि १९३५ मध्ये अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून गेले. पुढे मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारा हा माणूस आधी मुलांचे अभ्यास तपासणारा मास्तर होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले. १९५० साली स्वामीजींच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे औरंगाबादचे महाविद्यालय, पुढचे मिलिंद, सुरू झाले. दोन्ही उस्मानियाशीच जोडलेली होती, म्हणजे इंटरचा पेपर अजून हैदराबादहूनच येत होता. याच काळातल्या एका विद्यार्थ्याची आठवण इथे ठेवावीशी वाटते. नरहर कुरुंदकर इंटरला एकाहून अधिक वेळा नापास झाले. इतिहास, साहित्य, नाट्यशास्त्र, राजकारण अशा साऱ्या विषयांवर अधिकाराने बोलणारा हा तरुण परीक्षेच्या त्या चौकटीत बसत नव्हता. पुढे त्यांनी राहिलेल्या परीक्षा पुऱ्या केल्या, एम.ए. झाले आणि त्याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. १९८२ साली त्यांचा अंत झाला तेव्हाही ते त्या पदावर होते. परीक्षेतील गुण आणि माणसाची विद्वत्ता यांचा संबंध किती सैल असू शकतो, हे मराठवाड्याला त्यांच्या रूपाने फार जवळून पाहायला मिळाले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू. कळंबच्या दृष्टीने या तारखेचा अर्थ असा, की मॅट्रिकनंतरच्या पहिल्या परीक्षेचा कागद आता हैदराबादहून न येता औरंगाबादहून येऊ लागला. अकरावीला मॅट्रिक, मग एक वर्ष पी.यू.सी. म्हणजे प्री-युनिव्हर्सिटी, मग तीन वर्षांची पदवी, अशी घडी बसली. घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांशी बोलताना ‘पीयूसीला सायन्स घेतलं होतं’ असे वाक्य आजही ऐकू येते. त्या वाक्यातले वर्ष म्हणजे आजची बारावी.

दरम्यान शाळांतल्या परीक्षेचीही एक स्वतंत्र कहाणी चालू होती. मुंबई राज्यात स्वातंत्र्यानंतर लगेच एस.एस.सी. परीक्षा सुरू झाली आणि मॅट्रिक विद्यापीठाच्या हातून सुटून मंडळाच्या हाती आली. विदर्भ आणि मराठवाडा राज्यात आल्यावर सर्वांना एका सूत्रात बांधण्यासाठी १९६५ चा मंडळ कायदा झाला आणि १ जानेवारी १९६६ पासून राज्य मंडळ पुण्याहून काम पाहू लागले. याच सुमारास दिल्लीत कोठारी आयोग बसला होता. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ग्रामीण शिक्षणाचे प्रयोग केलेला हा माणूस. दहा वर्षे शाळा, दोन वर्षे उच्च माध्यमिक, तीन वर्षे पदवी, अशी रचना देशभर असावी ही शिफारस त्या अहवालातली. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ती स्वीकारली आणि महाराष्ट्राने ती अमलात आणण्यात आघाडी घेतली.

मग आले १९७५ हे वर्ष. त्या वर्षी जुनी अकरावी एस.एस.सी. आणि नवी दहावी एस.एस.सी. अशा दोन्ही तुकड्या एकाच वेळी बाहेर पडल्या. वयात एक वर्षाचे अंतर असलेली दोन भावंडे एकाच साली मॅट्रिक झाली, अशी उदाहरणे घराघरांत होती. त्या जूनपासून कनिष्ठ महाविद्यालयाची अकरावी सुरू झाली आणि १९७७ मध्ये बारावीची पहिली परीक्षा झाली. मंडळाच्या नावात ‘उच्च माध्यमिक’ हे शब्द जोडले गेले. सॅडलर आयोगाने साठ वर्षांपूर्वी जी पायरी विद्यापीठातून काढून मंडळाकडे द्यायला सांगितली होती, ती आता तिकडे गेली. तिचे वर्ग कुठे भरवायचे याबद्दल मात्र महाराष्ट्राने दोन्ही मार्ग मोकळे ठेवले. काही वर्ग वरिष्ठ महाविद्यालयांना जोडले, काही हायस्कुलांना.

माझ्या मते कळंबसाठी या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. हायस्कूलला अकरावी-बारावी जोडता येते म्हटल्यावर तालुक्याच्या गावी, मोठ्या खेड्यांतही, कनिष्ठ महाविद्यालये निघू शकली. कळंब तालुक्यात ज्ञानप्रसारक मंडळ, येरमाळा या संस्थेने हे काम मोठ्या प्रमाणावर केले. तिचे संस्थापक शिक्षणमहर्षी ज्ञानदेव मोहेकर यांचे नाव आज कळंबच्या महाविद्यालयाला आहे. एके काळी औरंगाबादच्या वसतिगृहाशिवाय जे वर्ष शक्य नव्हते, ते आता सायकलवर जाऊन-येऊन करता येऊ लागले. याचा सर्वांत जास्त फायदा मुलींना झाला. परगावी ठेवायला तयार नसलेले वडील कळंबपर्यंत पाठवायला तयार होत.

ही परीक्षा चालते कशी, तेही थोडे पाहू. कला, वाणिज्य, विज्ञान या तीन शाखा आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या जोडीला आलेला किमान कौशल्याचा, लोकांच्या तोंडी ‘एमसीव्हीसी’ असलेला अभ्यासक्रम. इंग्रजी सर्वांना सक्तीचे. बाकी विषय शाखेप्रमाणे. विज्ञानाच्या विषयांत ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा, भाषांमध्ये ८० लेखी आणि २० तोंडी. उत्तीर्ण होण्यास ३५ टक्के. अकरावीची परीक्षा महाविद्यालय स्वतः घेते, म्हणून ते वर्ष दहावी आणि बारावीच्या मधला विसावा मानण्याची खोड मुलांना लागते आणि बारावीत ती अंगाशी येते. लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. प्रश्नपत्रिकांची पाकिटे परिरक्षकाकडून केंद्रावर येतात, उत्तरपत्रिकेवर बारकोड चिकटवला जातो, पुरवण्या दोऱ्याने बांधल्या जातात, गठ्ठे दुसरीकडच्या परीक्षकांकडे जातात आणि त्यांनी तपासलेले नियामक पुन्हा पाहतात. लिहिणारा कोण हे तपासणाऱ्याला कळत नाही. ही अनामिकता हा लंडनच्या त्या जुन्या कल्पनेचा सर्वांत मोलाचा वारसा आहे. कळंबच्या खेड्यातल्या मुलीचा पेपर आणि पुण्याच्या नामांकित महाविद्यालयातल्या मुलाचा पेपर एकाच फूटपट्टीने मोजला जातो, निदान तशी व्यवस्था आहे.

या फूटपट्टीवर मराठवाड्याने एक दिवस अनपेक्षित उंची गाठली. १९७० साली स्थापन झालेल्या लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारावी विज्ञानासाठी जादा तास, सततच्या सराव चाचण्या आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेची बारकाईने चिकित्सा अशी शिस्त लावली. मंडळाच्या गुणवत्ता यादीत, जिथे पुण्या-मुंबईच्या नावांची सवय होती, तिथे लातूरची नावे झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर झाला. कळंबपासून लातूर साठेक किलोमीटर. गावातल्या हुशार मुलाला दहावीनंतर लातूरला ठेवायचे, खोली घ्यायची, डबा लावायचा, प्रसंगी आईनेच तिथे जाऊन राहायचे, अशी नवी रीत पडली. मागासलेल्या म्हटल्या गेलेल्या भागाचा आत्मविश्वास या पॅटर्नने उंचावला, ही त्याची मोठी देणगी. त्याच वेळी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांतून विज्ञानाची चांगली मुले बाहेर ओढली गेली, हेही खरे. नाव पटावर गावात आणि मूल शिकवणीच्या वर्गात लातूरला, ही अवस्था आज अनेक ठिकाणी दिसते.

गुणांना इतकी किंमत आली की ते वाममार्गाने मिळवण्याची धडपडही वाढली. राज्याने १९८२ मध्येच परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला होता. तरी केंद्राच्या भिंतीवर चढून चिठ्ठ्या टाकणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. २०१० च्या सुमारास नांदेडचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षांचे अभियान निश्चयाने राबवले. त्या वर्षी जिल्ह्याचा निकाल घसरला, पण पुढे मुले अभ्यासाकडे वळली. भरारी पथके, बैठी पथके, व्हिडिओ चित्रण हे सारे आज नित्याचे झाले आहे. कॉपीने सर्वांत जास्त नुकसान होते ते कॉपी न करणाऱ्या मुलाचे, म्हणून या कामातल्या कठोरपणाची बाजू मी नेहमीच घेईन.

आता आपण त्या दुसऱ्या हालचालीकडे येतो, जिचा उल्लेख सुरुवातीला केला. पूर्वी बारावीच्या गुणांवरच, विशेषतः भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र किंवा गणित यांच्या गुणांवर, वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचे प्रवेश होत. मग राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, आली. २०१३ मध्ये देशपातळीवरची वैद्यकीय प्रवेश परीक्षा ‘नीट’ आली, न्यायालयात अडखळली, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने परतली आणि पुढच्या वर्षापासून महाराष्ट्रातल्या सर्व वैद्यकीय प्रवेशांसाठी तीच एक परीक्षा उरली. सर्वसाधारण गटातल्या मुलाला बारावीच्या विज्ञान विषयांत ५० टक्के मिळाले की पुरेसे, खरी चढाओढ ७२० गुणांच्या नीटची. वैद्यकीय जागांपैकी ७० टक्के त्या त्या विभागातील मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, अशी जी ७०:३० ची पद्धत होती, तिच्यात कमी महाविद्यालये असलेल्या मराठवाड्यावर अन्याय होतो ही तक्रार वर्षानुवर्षे होती. सप्टेंबर २०२० मध्ये ती रद्द झाली. आज धाराशिवलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इमारत कळंबहून तासा-दीड तासावर आली आणि तिथे कोण शिरणार हे दिल्लीहून निघालेल्या प्रश्नपत्रिकेवर ठरू लागले. राज्य मंडळाची बारावी विज्ञान शाखेपुरती एक अट बनून राहिली. मला याचे दुःख होते. ज्या परीक्षेत प्रयोगवहीला आणि सविस्तर उत्तराला गुण आहेत, ती दुय्यम ठरावी आणि चारांतला एक पर्याय निवडणे श्रेष्ठ ठरावे, हे शिक्षणाच्या दृष्टीने पाऊल पुढे पडले असे मला म्हणवत नाही. कला आणि वाणिज्यच्या मुलांसाठी मात्र बारावीचे प्रमाणपत्र आजही पूर्ण वजनाचे आहे. पदवीला प्रवेश, डी.एल.एड., परिचर्या, पोलीस भरती, सैन्यातल्या अनेक जागा, साऱ्यांचे दार त्याच कागदाने उघडते.

एकदा तर परीक्षा झालीच नाही. करोनाच्या साथीत ३ जून २०२१ रोजी राज्याने बारावीची परीक्षा रद्द केली. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के धरून निकाल लावला गेला आणि राज्याचा निकाल ९९.६३ टक्के लागला. विसावा समजल्या जाणाऱ्या अकरावीला त्या वर्षी पहिल्यांदा किंमत आली. पुढे निकाल पुन्हा जमिनीवर आले. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९१.८८ टक्के होता आणि नऊ विभागांत लातूर विभाग ८९.४६ टक्क्यांसह सर्वांत खाली होता. ज्या विभागाच्या नावाने पॅटर्न ओळखला जातो, तोच विभाग एकूण उत्तीर्णतेत तळाला असावा, याचा विचार लातूर, नांदेड आणि धाराशिव या तिन्ही जिल्ह्यांनी बसून करायला हवा. शिखरावरची मोजकी नावे आणि खेड्यातल्या वर्गात इंग्रजीचा पेपर सुटत नाही म्हणून अडलेली मुले, या दोन्ही गोष्टी याच विभागातल्या आहेत.

२०२५ च्याच उन्हाळ्यात अकरावीचे प्रवेश पहिल्यांदा संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती असलेली ही पद्धत कळंबच्या कनिष्ठ महाविद्यालयांपर्यंत आली आणि पसंतीक्रम भरण्यासाठी पालक संगणकाच्या दुकानांपुढे उभे राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा चार वर्षांचा एकच टप्पा मानला आहे, त्यामुळे १९७५ मध्ये दहावीनंतर आखलेली रेषा पुन्हा सरकण्याची शक्यता आहे. नापास झालेल्यांसाठीची ऑक्टोबरची वाट आता जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेने कमी झाली आहे आणि गुण वाढवू इच्छिणाऱ्यांना श्रेणी सुधारची सवलत आहे. आणि फुल्यांनी ज्याच्यासाठी दार मागितले होते तो विद्यार्थीही दर वर्षी येतोच. लग्न होऊन शिक्षण सुटलेली बाई, ऊसतोडीला गेल्यामुळे वर्ग बुडालेला तरुण, दुकानात काम करणारा मुलगा, हे १७ नंबरचा अर्ज भरतात, ठरवून दिलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात कागद जमा करतात, आणि फेब्रुवारीत नियमित मुलांच्याच ओळीत, त्याच बाकावर, तोच पेपर लिहितात.